दोन खेळांचा खेळाडू प्रशिक्षक कसा होतो? बिल शार्मन यांच्या कारकिर्दीवरून एक उत्तर

पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, ती महाविद्यालयाकडून बास्केटबॉल आणि खो-खो हे दोन्ही खेळ खेळते. बास्केटबॉलमध्ये विद्यापीठाच्या संघात तिची जागा पक्की आहे, खो-खोमध्ये मात्र ती बहुतेक वेळा राखीव खेळाडूंत बसलेली असते. पुढे तिला प्रशिक्षक व्हायचे आहे. दोन्हीपैकी एक खेळ आत्ताच सोडावा, असे तिच्या क्रीडा शिक्षकांचे म्हणणे आहे. अमेरिकेत महाविद्यालयात दोन खेळ खेळून पुढे नामवंत प्रशिक्षक झालेली माणसे आहेत असे तिच्या वाचनात आले आहे. त्यांनी ते कसे साधले आणि आपल्याकडे ते साधेल का, असा तिचा प्रश्न आहे.

बास्केटबॉल शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्या काळात दोन खेळ खेळणारी अनेक मुले-मुली हाताखालून गेली आहेत. माझे उत्तर असे की, खो-खो आत्ता सोडू नका. पदवी पूर्ण होईपर्यंत दोन्ही खेळ ठेवा आणि त्यानंतर एकाची निवड न कचरता करा. मात्र दोन खेळ खेळल्याने शरीर सर्व बाजूंनी तयार होते, चपळाई वाढते, एकाच सांध्यावर ताण येत नाही, अशी जी कारणे नेहमी दिली जातात ती खेळाडूच्या दृष्टीने खरी असली तरी प्रशिक्षकाच्या दृष्टीने मला दुय्यम वाटतात. ज्या खेळात आपण पहिल्या रांगेतले नसतो, तो खेळ भावी प्रशिक्षकाला त्याच्या आवडत्या खेळापेक्षा जास्त शिकवतो, असे माझे मत आहे. ते मत मी अमेरिकी बास्केटबॉलपटू आणि पुढे प्रशिक्षक झालेले बिल शार्मन यांच्या कारकिर्दीच्या आधारे मांडतो, कारण त्यांची स्थिती तुमच्यासारखीच होती. एका खेळात ते अव्वल होते आणि दुसऱ्यात बाकावर बसलेले.

शार्मन यांचा जन्म १९२६ मध्ये टेक्सासमधील ॲबिलीन येथे झाला, पण त्यांची जडणघडण कॅलिफोर्नियात झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकी नौदलात काम करून ते लॉस एंजेलिसमधील सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात आले आणि १९५० पर्यंत तेथे बास्केटबॉल व बेसबॉल असे दोन्ही खेळले. बास्केटबॉलमध्ये त्यांची गणना देशातील सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूंत झाली. या विद्यापीठातली एक गोष्ट तुमच्या क्रीडा शिक्षकांना आवर्जून सांगण्यासारखी आहे. तेथे बास्केटबॉल शिकवणारे सॅम बॅरी हेच रॉड डेडो यांच्यासह बेसबॉलच्या संघाचीही जबाबदारी सांभाळत असत, आणि १९४१ च्या हंगामात तर त्यांनी विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचेही नेतृत्व केले होते. एकच माणूस दोन्ही खेळांचा प्रशिक्षक असला, की खेळाडूची ओढाताण निम्मी होते. कोणत्या आठवड्यात कोणत्या सरावाला सूट द्यायची, हे एकाच डोक्यात ठरते. आपल्याकडे दोन खेळ खेळणाऱ्या मुलीचे खरे दुखणे बहुधा शारीरिक थकवा हे नसतेच. दोन प्रशिक्षक एकमेकांशी बोलत नाहीत, हे असते.

बॅरी यांच्या शिष्यांची यादीही पाहण्यासारखी आहे. शार्मन यांच्याबरोबर तेथे खेळलेले टेक्स विंटर यांनी पुढे बॅरी यांची त्रिकोणी आक्रमणाची रचना विकसित केली आणि तीच रचना शिकागो बुल्सच्या विजेत्या संघांनी वापरली. दुसरे सहखेळाडू ॲलेक्स हॅनम यांनी प्रशिक्षक म्हणून १९५८ मध्ये सेंट लुईस हॉक्सला आणि १९६७ मध्ये फिलाडेल्फिया सेव्हंटीसिक्सर्सला अजिंक्यपद मिळवून दिले. त्या १९६७ च्या अंतिम मालिकेत हॅनम यांच्या समोरच्या बाकावर सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सचे प्रशिक्षक म्हणून शार्मन होते, आणि वॉरियर्सची ती जागा शार्मन यांना हॅनम यांच्यानंतरच मिळाली होती. एका शिक्षकाच्या हाताखालून असे तीन प्रशिक्षक निघणे हा योगायोग असू शकत नाही. बॅरी खेळाडूंना केवळ चाली पाठ करून घेत नसत. समोरच्याने काय केले असता आपण काय करायचे, हे ठरवण्याची जबाबदारी ते मैदानावरच्या पाच जणांवर टाकत. असा खेळ खेळलेला माणूस निवृत्त झाल्यावर शिकवू शकतो, कारण त्याने केलेल्या प्रत्येक हालचालीचे कारण त्याला ठाऊक असते.

महाविद्यालयानंतर शार्मन यांनी दोन्ही खेळ व्यावसायिक पातळीवर सुरू ठेवले. हे शक्य झाले ते ऋतूंमुळे. अमेरिकेत बास्केटबॉल हा हिवाळ्याचा आणि बेसबॉल हा उन्हाळ्याचा खेळ आहे. एकाचा हंगाम संपतो तेव्हा दुसऱ्याचा सुरू होतो आणि जी काही टक्कर होते ती दोन्ही टोकांच्या काही आठवड्यांपुरती. १९५० मध्ये त्यांना बास्केटबॉलमध्ये एनबीए या मुख्य व्यावसायिक लीगमधील वॉशिंग्टन कॅपिटल्सने निवडले आणि बेसबॉलमध्ये ब्रुकलिन डॉजर्सने करारबद्ध करून आपल्या दुय्यम संघांत पाठवले. जानेवारी १९५१ मध्ये कॅपिटल्सचा संघच बंद पडला. शार्मन यांचे हक्क फोर्ट वेन पिस्टन्सकडे गेले आणि तेथून अदलाबदलीत ते बॉस्टन सेल्टिक्सकडे आले. पुढची दहा वर्षे, म्हणजे १९६१ पर्यंत, ते तेथेच होते. बॉब कूझी आणि ते अशी ही जोडी होती. कूझी चेंडू पोहोचवत आणि शार्मन तो टोपलीत टाकत. ते आठ वेळा सर्वोत्तम खेळाडूंच्या प्रदर्शनीय सामन्यासाठी निवडले गेले, १९५५ मध्ये त्या सामन्याचे मानकरी ठरले, आणि १९५७, १९५९, १९६० व १९६१ अशी चार अजिंक्यपदे त्यांच्या नावावर जमा झाली.

दुसऱ्या खेळाची कहाणी याच्या अगदी उलट आहे. सप्टेंबर १९५१ मध्ये डॉजर्सने त्यांना मुख्य संघात बोलावले. २७ सप्टेंबरला बॉस्टनमध्ये ब्रेव्ह्जविरुद्ध सामना होता. शेवटच्या टप्प्यात धाव पूर्ण झाली की नाही, यावर पंच फ्रँक डॅस्कोली यांनी दिलेल्या निर्णयावरून डॉजर्सच्या खेळाडूंनी गदारोळ केला, यष्टिरक्षकाच्या जागी खेळणाऱ्या रॉय कॅम्पानेला यांना बाहेर काढण्यात आले आणि बाकावरून येणारी शेरेबाजी थांबेना तेव्हा पंचांनी अख्खा बाकच रिकामा करायला लावला. त्यात शार्मनही होते. पुढे ३ ऑक्टोबरला न्यूयॉर्क जायंट्सच्या बॉबी थॉमसन यांनी मारलेल्या प्रसिद्ध फटक्याने डॉजर्सचा हंगाम संपला, तेव्हाही शार्मन बाकावरच होते. बेसबॉलच्या मुख्य लीगमध्ये त्यांना एकाही सामन्यात मैदानात उतरायला मिळाले नाही. म्हणजे ज्या स्तरावर ते एक चेंडूही खेळले नाहीत, त्या स्तरावरून त्यांना बाहेर मात्र काढले गेले. बेसबॉलच्या चाहत्यांत ही गोष्ट आजही गमतीने सांगितली जाते. मला मात्र ती प्रशिक्षकाच्या शिक्षणाचा भाग वाटते. त्यानंतरही त्यांनी दुय्यम संघांतून बेसबॉलचा नाद चालू ठेवला आणि १९५५ मध्ये तो कायमचा थांबवला.

याच काळात ते बास्केटबॉलमध्ये देशातील सर्वोत्तम नेमबाजांपैकी एक होते, हे लक्षात घेतले म्हणजे माझा मुद्दा कळेल. अव्वल खेळाडूला बाकाची माहिती नसते. सराव संपवून घामाघूम होऊन बसलेल्या, सामन्यात मात्र एक मिनिटही न मिळालेल्या मुलीच्या मनात काय चालते, तिला कोणत्या शब्दाने उभारी येते आणि कोणत्या शब्दाने ती सराव सोडून देते, हे ज्याला नेहमी पहिल्या पाचांत स्थान मिळाले त्याला कल्पनेनेच जाणावे लागते. मोठे खेळाडू अनेकदा सामान्य प्रशिक्षक ठरतात, याचे माझ्या मते हे एक मोठे कारण आहे. आपल्याला जे सहज जमत होते ते दुसऱ्याला का जमत नाही, हेच त्यांना उमगत नाही आणि ते चिडू लागतात. शार्मन यांच्याकडे वर्षातले काही महिने अव्वल खेळाडूचे होते आणि काही महिने धडपडणाऱ्याचे. तुम्ही खो-खोच्या संघात राखीव बसता, ते बसणे फुकट गेले असे समजू नका. तेथे बसल्या बसल्या प्रशिक्षकाने कोणाला केव्हा बदलले, थकलेल्या तुकडीला काय सांगितले, कोणाकडे पाहिलेच नाही, याची नोंद वहीत ठेवा. खेळत असताना हे दिसत नाही.

बेसबॉलने त्यांना आणखी एक गोष्ट दिली असावी, असा माझा तर्क आहे, आणि ती म्हणजे नित्यक्रम. बेसबॉलचे सामने हंगामात जवळजवळ रोज असतात आणि प्रत्येक सामन्याआधी फलंदाजीचा ठरलेला सराव होतो. त्या खेळात तयारी हा दिवसाचा भाग असतो. बास्केटबॉलमध्ये त्या काळी तसे नव्हते. सामन्याच्या दिवशी खेळाडू उशिरापर्यंत झोपत, दुपारी भरपेट जेवत आणि संध्याकाळी थेट मैदानावर येत. सकाळी चेंडू हातात घेतला तर रात्रीसाठी पाय उरणार नाहीत, अशी समजूत होती. सेल्टिक्सकडून खेळत असतानाच शार्मन यांनी सामन्याच्या दिवशी सकाळी जवळच्या एखाद्या शाळेच्या मैदानावर जाऊन थोडा वेळ टोपलीत चेंडू टाकण्याची सवय लावून घेतली. सामन्याची धाकधूक कमी होते आणि रात्री हात लवकर बसतो, असा त्यांचा अनुभव होता. प्रशिक्षक झाल्यावर त्यांनी हाच सराव साऱ्या संघाला लावला. अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये 'शूटअराउंड' या नावाने जो सकाळचा हलका सराव रूढ झाला, त्याचे जनकत्व शार्मन यांच्याकडेच जाते.

त्यांच्या फ्री थ्रोचे, म्हणजे प्रतिस्पर्ध्याने नियमभंग केल्यावर मिळणाऱ्या मोकळ्या फेकीचे, आकडेही याच वळणाचे आहेत. कारकिर्दीत त्यांनी ८८.३ टक्के फ्री थ्रो टोपलीत टाकले, सात हंगामांत ते लीगमध्ये पहिले राहिले, आणि १९५८-५९ च्या हंगामात हे प्रमाण ९३.२ टक्क्यांवर गेले. बाद फेरीच्या सामन्यांत तर त्यांनी लागोपाठ ५६ फ्री थ्रो चुकवले नाहीत. फ्री थ्रो हा या खेळातला एकमेव फटका असा आहे की, जेथे समोर कोणी हात आडवा घालत नाही. तेथे यश मिळते ते रोज त्याच पद्धतीने, त्याच श्वासावर, तेवढीच पावले टाकून उभे राहण्याने. आपल्याकडच्या सिमेंटच्या उघड्या मैदानांवर मुले सरावाच्या शेवटी, ट्यूशनला पळायच्या घाईत, कसेबसे पाच-दहा फ्री थ्रो मारतात आणि मग जिल्हा स्पर्धेत दोन गुणांनी हरतात. हे चित्र मी इतक्यांदा पाहिले आहे की, आता मी फ्री थ्रो सरावाच्या मध्ये, धाप लागलेली असताना मारायला लावतो.

१९६१ नंतरची शार्मन यांची वाटचाल तरुण प्रशिक्षकांनी नीट पाहावी, कारण ती अजिबात सरळ नाही. त्या वर्षी अमेरिकन बास्केटबॉल लीग नावाची नवी स्पर्धा सुरू झाली, जिने व्यावसायिक खेळात तीन गुणांची रेषा प्रथम आणली. शार्मन लॉस एंजेलिस जेट्सचे खेळाडू-प्रशिक्षक झाले आणि पहिल्याच हंगामाच्या मध्यावर तो संघ बुडाला. तेथून ते क्लीव्हलँड पायपर्सकडे गेले. या संघाचे मालक जॉर्ज स्टाइनब्रेनर हे पुढे न्यूयॉर्क यांकीजचे मालक म्हणून गाजले. पायपर्सचे आधीचे प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन हे अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉलमधले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक; खेळाचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्याकडून त्यांनी थेट धडे घेतले होते. मालकाशी वाद होऊन ते हंगामाच्या मध्यात बाहेर पडले, आणि त्यांनी बांधलेल्या संघाने शार्मन यांच्या हाताखाली १९६२ चे अजिंक्यपद जिंकले. नोंदीत ते विजेतेपद शार्मन यांच्या नावावर आहे, पण त्यातला मोठा वाटा मॅक्लेंडन यांचा आहे, हे कोणत्याही प्रामाणिक प्रशिक्षकाने मान्य करावे. आपल्याकडेही शाळेत मुलगी घडवणारे शिक्षक मागे राहतात आणि शेवटच्या वर्षी तिला हाताळणाऱ्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येते.

त्यानंतर ती लीगही बंद पडली. शार्मन लॉस एंजेलिसमधील स्टेट कॉलेजात दोन हंगाम महाविद्यालयीन मुलांना शिकवायला गेले. चार अजिंक्यपदांचा धनी असलेला खेळाडू एका छोट्या महाविद्यालयाच्या संघाबरोबर काम करतो, याला तेव्हा अनेकांनी पीछेहाट म्हटले असेल; पण शिकवायचे कसे हे शिकण्याची जागा तीच असते, कारण तेथे पराभवाची किंमत कमी असते आणि खेळाडू ऐकून घेतात. १९६६ मध्ये ते वॉरियर्सकडे आले आणि वर उल्लेखिलेल्या १९६७ च्या अंतिम मालिकेत ४-२ असे हरले. पुढे नव्या अमेरिकन बास्केटबॉल असोसिएशनमध्ये लॉस एंजेलिस स्टार्सला त्यांनी १९७० च्या अंतिम मालिकेपर्यंत नेले, तोच संघ युटाला हलला आणि १९७१ मध्ये सात सामन्यांच्या मालिकेत केंटकी कर्नल्सला हरवून विजेता झाला.

याच उन्हाळ्यात लॉस एंजेलिस लेकर्सने त्यांना बोलावले. लेकर्सची गोष्ट तोवर जखमांची होती. १९५९ पासून सेल्टिक्सने त्यांना सात अंतिम मालिकांत हरवले होते, १९७० मध्ये न्यूयॉर्क निक्सने त्यात आणखी एकाची भर घातली होती, आणि आता त्यांना शिकवायला येणारा माणूस सेल्टिक्सचाच होता. संघात जेरी वेस्ट, गेल गुडरिच, एल्जिन बेलर आणि विल्ट चेंबरलेन असे नावाजलेले, वयाने वाढलेले आणि आपापल्या सवयी पक्क्या झालेले खेळाडू होते. शार्मन यांनी सेल्टिक्सचे जुने सहकारी के. सी. जोन्स यांना सहायक म्हणून आणले. जोन्स यांचाही दुसऱ्या खेळाशी संबंध आला होता. लॉस एंजेलिस रॅम्स या अमेरिकन फुटबॉल संघाने त्यांची निवड केली होती.

प्रशिक्षक म्हणून शार्मन यांची खरी परीक्षा चेंबरलेन यांच्यापाशी होती. १९६१-६२ मध्ये दर सामन्याला सरासरी ५० हून अधिक गुण करणारा हा खेळाडू रात्री उशिरापर्यंत जागणारा आणि सकाळी उशिरा उठणारा म्हणून प्रसिद्ध होता, आणि १९६७ मध्ये त्यानेच शार्मन यांच्या वॉरियर्सला हरवले होते. त्याला सकाळच्या सरावाला बोलावणे म्हणजे भांडणाला निमंत्रण होते. शार्मन यांनी हुकूम सोडला नाही. आधी काही काळ करून पाहा, उपयोग दिसला नाही तर पुन्हा बोलू, अशा भाषेत त्यांनी त्याला राजी केले, आणि संघ जिंकू लागल्यावर चर्चेची गरजच उरली नाही. गुण करण्यापेक्षा रिबाउंड (हुकून टोपलीवरून परतलेला चेंडू) घेऊन चेंडू ताबडतोब बाहेर, पुढे पळणाऱ्या वेस्ट आणि गुडरिच यांच्याकडे द्यायचा, हे दुसरे काम त्यांनी त्याच्या गळी उतरवले. चेंबरलेन यांची सरासरी त्या हंगामात १४.८ गुणांवर आली, पण १९.२ रिबाउंडसह ते लीगमध्ये पहिले राहिले. आयुष्यभर पहिले असलेल्या माणसाला दुय्यम काम मानाने करायला लावणे हे ज्याला जमले, त्याने स्वतः कधीतरी दुय्यम काम केलेले असते. निदान मी तरी याकडे असे पाहतो.

हंगामाच्या नऊ सामन्यांनंतर गुडघ्याच्या दुखण्याने बेजार झालेल्या बेलर यांनी निवृत्ती घेतली, जिम मॅकमिलियन हा तरुण त्यांच्या जागी उतरला, आणि ५ नोव्हेंबर १९७१ पासून लेकर्स जिंकत सुटले. ९ जानेवारी १९७२ ला मिलवॉकी बक्सने त्यांना हरवले तोवर लागोपाठ ३३ विजय झाले होते. आधीचा विक्रम बक्सचाच, २० विजयांचा होता. हंगाम ६९ विजय आणि १३ पराभव असा संपला, अंतिम मालिकेत निक्सवर ४-१ अशी मात झाली आणि मिनियापोलिसहून लॉस एंजेलिसला आल्यापासूनचे पहिले अजिंक्यपद लेकर्सला मिळाले. तीन वेगवेगळ्या व्यावसायिक लीगांत संघाला विजेतेपद मिळवून देणारे शार्मन हे एकमेव प्रशिक्षक ठरले.

याची किंमतही त्यांनी मोजली. ओरडून ओरडून त्यांच्या स्वरयंत्राला कायमची इजा झाली आणि पुढचे आयुष्य त्यांना कुजबुजल्यासारख्या आवाजात काढावे लागले. १९७६ पर्यंत त्यांनी लेकर्सचे प्रशिक्षकपद सांभाळले, नंतर संघाचे सरव्यवस्थापक आणि पुढे अध्यक्ष म्हणून काम केले. १९८० च्या दशकातल्या लेकर्सच्या पाचही अजिंक्यपदांच्या वेळी ते संघाच्या व्यवस्थापनात होते. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेम या गौरवदालनात खेळाडू म्हणून १९७६ मध्ये आणि प्रशिक्षक म्हणून २००४ मध्ये, असा दोनदा त्यांचा समावेश झाला. २०१३ मध्ये त्यांचे निधन झाले. आवाजाची ही गोष्ट मी प्रत्येक नव्या प्रशिक्षकाला सांगतो. शिटी वापरा, हातांच्या खुणा ठरवा, पाणी प्या; उघड्या मैदानावर तीन तास ओरडणे हे शिकवणे नव्हे.

आता तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो. शार्मन यांनी प्रशिक्षकपद स्वीकारले ते ज्या खेळात ते अव्वल होते त्याच खेळात. बेसबॉल त्यांनी कधी शिकवला नाही. याला अपवादही आहे. बड ग्रँट हे मिनेसोटा विद्यापीठाकडून फुटबॉल, बास्केटबॉल आणि बेसबॉल असे तिन्ही खेळ खेळले आणि १९५० मध्ये बास्केटबॉलमध्ये मिनियापोलिस लेकर्सच्या विजेत्या संघात होते, पण नाव कमावले ते अमेरिकन फुटबॉलचे प्रशिक्षक म्हणून, आधी कॅनडातील विनिपेगमध्ये आणि मग मिनेसोटा व्हायकिंग्जबरोबर. डॅनी एंज महाविद्यालयात बास्केटबॉल खेळत असतानाच टोरोंटो ब्लू जेज या व्यावसायिक बेसबॉल संघाकडून खेळत होते. १९८१ नंतर त्यांनी बेसबॉल सोडला, सेल्टिक्सकडून १९८४ आणि १९८६ ची अजिंक्यपदे जिंकली आणि पुढे फिनिक्स सन्सचे प्रशिक्षक झाले. त्या दोन्ही अजिंक्यपदांच्या वेळी त्यांचे प्रशिक्षक होते शार्मन यांचे एकेकाळचे सहायक के. सी. जोन्स. तिघांचीही वाट वेगळी आहे, पण योग्य वयात प्रत्येकाने एक खेळ निवडला आणि दुसरा पूर्णपणे सोडला.

महाराष्ट्रात अडचण ऋतूंची आहे. अमेरिकेत दोन हंगाम एकमेकांच्या पाठोपाठ येतात. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामने, विद्यापीठाची निवड चाचणी, पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा आणि सत्र परीक्षा हे सगळे त्याच चार-पाच महिन्यांत कोंबलेले असते. राज्यातल्या विद्यापीठांच्या अश्वमेध क्रीडा महोत्सवात तर बास्केटबॉल आणि खो-खो एकाच ठिकाणी, त्याच दिवसांत होतात. त्यामुळे विद्यापीठ पातळीवर तुम्हाला एकाच खेळाचे नाव द्यावे लागेल आणि ते बास्केटबॉलचेच असू द्या. खो-खो महाविद्यालयाच्या पातळीवर ठेवा. तुमच्या क्रीडा शिक्षकांचा आग्रह याच टक्करीतून आलेला असावा, आणि तो चुकीचा नाही; वर्षाच्या सुरुवातीलाच दोन्ही प्रशिक्षकांना एकत्र बसवून तारखा कागदावर मांडल्या, तर त्यातला बराचसा विरोध मावळेल.

पदवीनंतरची निवड कागदपत्रेच करून टाकतात. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षणाची पदविका एका खेळातच मिळते, आणि प्रवेशासाठी त्या खेळातला सहभाग पाहिला जातो, म्हणून आंतरविद्यापीठ स्पर्धेची प्रमाणपत्रे आजपासून जपून ठेवा. अटी त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत वाचा. ज्यांना शाळा-महाविद्यालयात क्रीडा शिक्षक म्हणून काम करायचे आहे त्यांच्यासाठी बी. पी. एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदवीची वाट आहे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळासारख्या जुन्या संस्थेत ती उत्तम रीतीने शिकवली जाते, आणि तेथे तुमचे दोन खेळ हा थेट फायदा ठरतो, कारण शाळेत एकाच शिक्षिकेला सकाळी खो-खो आणि संध्याकाळी बास्केटबॉल घ्यावा लागतो. खो-खोला आता दुय्यम समजण्याचे कारण नाही. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेल्या पहिल्या विश्वचषकात भारताचे दोन्ही संघ जिंकले आणि प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते. पुढच्या काही वर्षांत या खेळाला प्रशिक्षक लागतील. तरीही तुम्ही पदविकेसाठी बास्केटबॉल निवडावा, असे मी म्हणेन, कारण त्या खेळात तुम्ही विद्यापीठ पातळीचे सामने आतून पाहिले आहेत.

तोवर एक काम लगेच सुरू करता येईल. जवळच्या एखाद्या शाळेत आठवी-नववीच्या मुलींचा सराव आठवड्यातून दोन दिवस घ्यायची परवानगी मुख्याध्यापकांकडून मागा आणि त्यांना बास्केटबॉल शिकवा. त्यांतली जी मुलगी सर्वांत मागे पडत असेल, तिला महिन्याभरात डाव्या हाताने ड्रिबल करता यावे, एवढेच उद्दिष्ट ठेवा, आणि त्यासाठी काय काय केले, ते खो-खोच्या बाकावर सुरू केलेल्या त्याच वहीत लिहीत जा.